मागच्या खोलीतला उन्हाळा

"थांब, आधी कुंकू," असं म्हणत आत्याने माझ्या हातातला रिमोट काढून घेतला.

सकाळी सहापासून मी त्या भिंतीशी झटत होते. एसीची पेटी एका रेघेत बसावी म्हणून पाण्याच्या नळीने पातळी धरली. पाणी बाहेर उतरावं म्हणून भोक जरा तिरपं पाडलं. तांब्याच्या नळ्यांची तोंडं फुलवून नट आवळले, नळ्यांतली हवा पंपाने ओढून घेतली, मग बाहेरच्या मशीनचे दोन्ही व्हॉल्व्ह चावीने उघडले आणि एकेका जोडावर साबणाचा फेस लावून वाकून पाहत राहिले. एकही बुडबुडा आला नाही. आयटीआयला रेफ्रिजरेशन घेतलेली आमच्या बॅचची मी एकटी मुलगी. चंद्रपूरच्या दुकानात लागून आठ महिने झाले होते, पण दुसऱ्या कुणाचा हात न लागता मी बसवलेला हा पहिला एसी, आणि तोही आमच्याच घरातला.

आत्याचा त्याला विरोध होता. अनुआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. घरात बाळंतपण निघालं की ती गावाहून यायची आणि बारसं होईपर्यंत घराची मालकीण व्हायची. तिचं म्हणणं, दुकानातून माणूस बोलवा, जावयाची साळी, म्हणजे मी, भिंतीवर चढली हे लोकांना दिसायला नको. बाबा जास्त बोलणारे नव्हते. कोळशाच्या खाणीत पंपावर तीस वर्षं काढलेला माणूस, पाण्याच्या आवाजापुढं स्वतःचा आवाज विसरून गेलेला. ते एवढंच म्हणाले, "तिचंच काम हाय ते," आणि नारळ आणायला निघून गेले.

तर त्या पांढऱ्या पेटीच्या गालावर बाबांनी स्टुलावर चढून कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला आणि मी बटन दाबलं. पेटीचं पातं पापणीसारखं हळू उघडलं. वारा आला, पण कोमट. शेजारच्या दोन बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्या म्हणाली, "पोट्टीच्या हातचं हाय, बापा. पंखा झाला तरी नशीब समजा."

मी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं थांबावं लागतं हे मला ठाऊक होतं. मग भिंतीपलीकडं बाहेरचं मशीन हुंकारलं आणि आतल्या वाऱ्यात विहिरीच्या पायरीवरचा गारवा उतरला. मी थर्मामीटर पात्यासमोर धरला. एकतीस, पंचवीस, एकोणीस, तेरा. शेजारणी पदर सोडून बसल्या. बाबा खाली चटईवर भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.

हा एसी पुनीताईच्या नवऱ्यासाठी होता. पुनीताई माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी बारसं होतं आणि त्याला वर्ध्याहून जावई, विहीण, चार पाहुणे येणार होते. खुशालभाऊजींच्या घरी दोन एसी आहेत, मे महिन्यात आपल्या घरात बसून जावई घामाने न्हाला तर काय तोंड दाखवायचं, असं आत्याने दोन आठवडे चालवलं होतं. आमच्याकडं कूलर होता, पण कूलर जावयाला शोभत नाही.

मी थर्मामीटर हातात घेऊनच मागे गेले. ताईला दाखवायचं होतं, बघ, तेरा. ती खूश झाली असती.

आमचं क्वार्टर म्हणजे पुढची एक खोली, मग स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे बाबांनी वाढवलेली पत्र्याची खोली. ताई दवाखान्यातून आल्यापासून त्या खोलीत होती. बाजेवर ती, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओव्याची आणि लसणाच्या सालीची धुरी. तिचे कान लोकरी स्कार्फने बांधलेले. खिडकीला आतून गोणपाट ठोकलेलं. वर पत्रा, पत्र्यावर चंद्रपूरचं मे महिन्याचं ऊन. पाणी मोजकं, तेही कोमट, कारण बाळंतिणीचं पोट सुटतं. दूध वाढावं म्हणून डिंक आणि मेथी, घोटभर पाण्याशिवाय. तिच्या कुशीत तान्ही, डोक्यापासून पायापर्यंत दुपट्यात बांधलेली, त्यावर एक शाल.

थर्मामीटरवरचा आकडा थांबेना, वर चढतच राहिला. चौतीस, अडतीस, एकेचाळीस. मी काचेवर बोट घासून पाहिलं.

"काय सांगते तुझं घड्याळ?" ताईने विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी म्हणाले, काही नाही, बिघडलंय.

मी आईपाशी गेले. तिला म्हटलं, आई, पुढच्या खोलीत नेऊ या दोघींना, वाऱ्यापासून दूर ठेवू, पण इथून काढू. आई कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही. बाळंतिणीला वारा नाही लागू देत, बाई, तू त्यात नको बोलू, असं म्हणाली. माझी आई कुणालाही टाकून बोलणारी नव्हती. ते वाक्य तिने अगदी मऊ आवाजात म्हटलं, दाराला आतून कडी घालावी तसं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच. तिसऱ्या दिवशी बारसं होतं.

*

पाहुणे दहाला आले. नाव ठेवायचं संध्याकाळी पाचला, त्याआधी जेवणं. बायका अंगणातल्या मांडवात कूलरसमोर बसल्या आणि पुरुष पुढच्या खोलीत. खुशालभाऊजी मुळात वाईट माणूस नव्हते. बोलके, हसरे, जिल्हा परिषदेत नोकरीला. त्यांनी आल्याआल्या रिमोट हातात घेतला, अठरावर आणला आणि मला म्हणाले, "साळीबाई, तुम्ही तर वारलूजींच्या घरात काश्मीर आणलं." वारलूजी म्हणजे बाबा. सगळे हसले, मीही हसले. अर्ध्या तासात पाहुण्यांनी अंगावर चादरी मागितल्या. मी ट्रंकेतून चादरी काढून दिल्या. मे महिन्यात, बाहेर सत्तेचाळीस असताना, आमच्या घरातले पुरुष चादरी पांघरून भजी खात होते.

भाऊजींनी दोनदा बाळ मागितलं. बारसं होईतो पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, म्हणून आत्याने तान्हीला गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणलं. दुपट्यातून चेहरा तेवढा दिसत होता, लालबुंद. भाऊजी वाकून बघत राहिले.

"लाल हाय म्हणजे गोरी निघन," आत्या म्हणाली.

विहीणबाईंनीही मान डोलावली. लालपणावरून गोरेपणा ओळखायची सगळ्यांची खात्री होती. मी ते तोंड पाहिलं. ते पिकल्या फळासारखं लाल नव्हतं, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं होतं. ओठ सुकलेले. ती रडतही नव्हती.

बारा वाजता मागून ताईची हाक आली. माझ्या नावाने, आईच्या नाही. "सुले."

मी आत गेले. तान्ही पीत नव्हती. स्तनाला लावली की तोंड उघडायची आणि तसंच उघडं ठेवून झोपायची. ताई म्हणाली, रात्रीपासून लंगोट कोरडा आहे. मी तान्हीच्या काखेत थर्मामीटर धरला. मशीनचं तापमान बघायचा थर्मामीटर. तो एकोणचाळीसच्या वर जाऊन थांबला. खोलीत त्रेचाळीस होतं.

माझ्या मागोमाग आई आणि आत्या आल्या. आत्याने बाळाच्या कपाळाला हात लावला आणि तिला कारण लगेच सापडलं.

"त्या मशीनचा वारा लागला," ती म्हणाली. "दाराच्या फटीतून आला. मी सांगितलं होतं."

तिने दाराच्या फटीत गोणपाट कोंबायला सांगितलं, आणखी एक शाल मागितली आणि आईला म्हणाली, वच्छला, दुसरी शेगडी पेटव.

आई पेटवायला बसली. मला तो क्षण अजून दिसतो. ती उकिडवी बसून निखाऱ्यावर फुंकर घालत होती, घाम तिच्या नाकाच्या शेंड्यावरून शेगडीत पडून चर्र होत होता आणि फुंकरी-फुंकरीच्या मधे ती गुणगुणत होती, तिची जुनी ओवी, आम्हा दोघींना तिने ज्यावर निजवलं ती:

उन्हा रं दादा उन्हा, तुले बसाले टाकते पाट
माह्या तान्ह्या बाळाची सोड येवढी एक वाट

उन्हाला पाट टाकून विनवणारी बाई स्वतःच्या हाताने विस्तव वाढवत होती. मी आत्याला म्हटलं, हिला ऊन लागलंय, वारा नाही, हिला आत्ता पुढच्या खोलीत न्यायचं. आत्या म्हणाली, जावयाला कुठं बसवू, तुझ्या डोक्यावर? आणि बाळंतीण पुरुषांत नेऊन ठेवतात का कुणी? मी म्हटलं, मग पुरुषांना उठवा. त्यावर ती हसली. खाणीच्या वसाहतीचा दवाखाना त्या दिवशी चारला उघडणार होता आणि नाव पाचला ठेवायचं होतं. पाहुण्यांचं जेवण व्हायचं होतं. सगळं ठरलेलं होतं. त्या ठरलेल्यात तान्हीला कुठं जागा नव्हती.

ताईने स्कार्फच्या आतून माझ्याकडं पाहिलं. नऊ दिवस तिने एक शब्द काढला नव्हता. शहाणी, सोसणारी मुलगी म्हणून तिचं माहेरी-सासरी नाव होतं.

"सुले, मले येथून काढ," ती म्हणाली.

मी घराला वळसा घालून बाहेरच्या मशीनपाशी गेले. ऊन डोक्यावर आदळत होतं. मशीन गरम हवा फेकत धडधडत होतं. खिशात चावी होतीच. आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद केला. असं केलं की मशीन आतल्या नळ्यांमधला सगळा गॅस ओढून परत स्वतःच्या पोटात घेतं; एक-दीड मिनिट पुरतं. मी मनात मोजत उभी राहिले. मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि बाहेरचा स्विच पाडला. आता घरातली पेटी वारा मारत राहणार होती, पण गारवा सगळा इथं, माझ्या पायाशी, कुलपात होता, आणि कुलपाची चावी माझ्या मुठीत.

मान वर केली तर बाबा. नळावर हात धुवायला आले होते. त्यांनी चावी पाहिली, बंद मशीन पाहिलं. आयुष्यभर व्हॉल्व्ह उघडत-मिटत आलेला माणूस, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "बाबा, त्रेचाळीस आहे मागे."

ते हात पुसत आत गेले.

पुढच्या खोलीत दहा मिनिटांत चादरी उतरल्या. मग कुणी वर्तमानपत्राने वारा घ्यायला लागलं. भाऊजी रिमोट पेटीकडं रोखून बटनं दाबत होते, सतरा, सोळा. बंद दारांच्या खोलीत पाहुणे आणि शेजारचे धरून दहा पुरुष, वर तापलेला स्लॅब. बाबा उंबऱ्यात उभे राहिले आणि त्या घरात मी कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "गॅस गेला. चला, मांडवात बसू. कूलर हाय तेथं."

"किती वेळ लागेल?" भाऊजींनी मला विचारलं.

"दोन-तीन तास," मी म्हणाले. "जोड ढिला राहिला माझ्याकडून."

ते वाक्य बोलणं सोपं नव्हतं. माझा एकही जोड ढिला नव्हता. सगळे उठले. आत्या दारात उभी राहून प्रत्येकाची क्षमा मागत होती, आणि प्रत्येकाला सांगत होती की तिने आधीच बजावलं होतं, दुकानातला माणूस बोलवा. पोट्टीच्या हाताला यश नाही. वसाहतीत ते वाक्य पुढं कितीतरी वर्षं फिरत राहिलं. सुलक्षणाने बसवलेला एसी बारशाच्या दिवशी बंद पडला म्हणून आमच्या ओळीतल्या एकाही घराने मला काम दिलं नाही. मी ते कधी खोडलं नाही.

खोली रिकामी झाली. भाऊजी सगळ्यांत शेवटी निघाले. मी त्यांच्या दंडाला धरलं. साळीने जावयाला असं धरू नये, पण धरलं, आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी नेलं. म्हटलं, एकदा आत पाय टाका. ते अवघडले. मी दार ढकललं.

ते उंबऱ्याच्या आत जेमतेम दोन पावलं गेले असतील. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी पुसून घेतल्यासारखं गेलं होतं. "ह्या इथं आहे ती?" त्यांनी विचारलं. "नऊ दिवस?" मग आत वळून त्यांनी बाज एका बाजूने उचलायला घेतली.

दारात आई उभी राहिली.

दोन्ही हात चौकटीला लावून. एवढीशी बाई, त्या दारात मावत नव्हती जणू.

"नेऊ नका," ती म्हणाली. "मी हात जोडते, जावईबापू. वारा लागन तिले."

मी म्हटलं, आई, सर. ती सरली नाही. मी म्हटलं, पोर मरेल. तेव्हा ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी कुठलंतरी झाकलेलं भांडं पायाने उलथवलंय.

"मले नको सांगू पोर कसं मरते," ती म्हणाली.

आम्हाला एक भाऊ होता हे आम्हा बहिणींना माहीत होतं. ताईच्या आधीचा. वारा लागून गेला, एवढंच माहीत होतं. त्यापुढं कुणी विचारायचं नाही असा घराचा रिवाज होता. आईची आई लवकर वारली, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण सासरीच, गावच्या घरी, आत्याच्या हातून झालं. आईने ते त्या दारात उभ्याउभ्या सांगितलं. नवतपा होता, रोहिणीतलं ते आग ओकणारं ऊन. बंद खोली होती. आठव्या दिवशी दुपारी तिला खोलीत श्वास पुरेना. सगळे जेवायला बसले होते. तिने उठून खिडकी उघडली. हातभर फट, तिने हाताने दाखवली. थोडा वेळच. संध्याकाळी पोराला ताप चढला आणि सकाळी पोर गेलं. अनुबाईने खिडकीची कडी निघालेली पाहिली होती. तिने सगळ्यांसमोर विचारलं, कोणं उघडली?

"मी उघडली होती," आई म्हणाली. "मी माह्या हातानं."

अठ्ठावीस वर्षं ती ते जपत आली होती. आम्हा दोघींच्या वेळची बाळंतपणं तिने पत्र्याखाली, गोणपाटाआड, शेगडीवर का काढली, ते मला तेव्हा कळलं. निखाऱ्यावर ती फुंकर का घालत होती, तेही.

माझा राग कुठं जाऊन उभा राहावा ते त्याला कळेना. मी आवाज खाली आणला. दुकानात गिऱ्हाईकाला विचारतात तसं एकेक विचारलं. त्याचं तोंड लाल होतं का? होतं, ती म्हणाली, सगळे म्हणत गोरा निघन. ओठ? सुकले होते. रडायचा? पहिले रडे, मग नाही. लंगोट ओला करायचा? आई थांबली.

"दोन दिवसापासून नव्हता," ती म्हणाली.

"खिडकी कोणत्या दिवशी उघडलीस?"

तिच्या ओठांनी मोजलं. आठवा. लंगोट सहाव्यापासून कोरडा. मी तिला ते मोजू दिलं. मागून ताईचा श्वास ऐकू येत होता, आणि तान्हीचा, फार बारीक, भरभर.

"आई," मी म्हणाले, "ते एकच बरं केलं होतंस तू त्याच्यासाठी. ती खिडकी उघडली ते. उशीर झाला होता."

चौकटीवरचे तिचे हात निसटले. मला वाटलं ती बसेल. ती बसली नाही. वळून बाजेपाशी गेली, तान्हीवरची शाल ओढून जमिनीवर टाकली, दुपटं सोडलं आणि उघड्या लेकराला छातीशी धरून आमच्या पुढून पुढच्या खोलीत चालू लागली. भाऊजी आणि मी ताईला धरून मागोमाग. मग भाऊजींनी बाजही ओढून आणली.

मी बाहेर धावले. आधी जाड नळी, मग बारीक. गॅस सुटल्याचा आवाज आला, साप सरकल्यासारखा. स्विच लावला. आत येऊन रिमोट घेतला, अठ्ठावीस केलं, पंखा सगळ्यांत हळू, आणि पातं वर उचलून छताकडं लावलं. आई बाळाला घेऊन भिंतीच्या कडेला उभी होती, अजून घाबरलेली. तिला म्हटलं, बघ, वारा वर जातो, छताला लागतो, खाली नुसता गारवा उतरतो. तिने बाजेवर तळहात आडवा धरला. इकडं धरला, तिकडं धरला. वारा नव्हता. मग तिने बाळाला खाली ठेवलं.

भाऊजींनी पाणी आणलं. ताई एका दमात तीन पेले प्यायली. चौथ्याला मी तिचा हात धरला. आई ओल्या फडक्याने तान्हीची मान, काखा, तळवे पुसत होती. ताईने दूध वाटीत काढलं आणि चमच्याने एकेक थेंब त्या सुकल्या ओठांत सोडला. पहिले सगळे थेंब बाहेर ओघळले. मग एक आत गेला. मग जीभ हलली. तासाभराने तिने छातीला तोंड लावलं आणि ओढलं, एवढ्या जोरात की ताईने डोळे मिटून घेतले. मी काखेत थर्मामीटर धरला. अडतीसच्या जरा खाली. चारला भाऊजींनी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी एक रात्र ठेवून घेतलं आणि आम्हाला बोलायचं ते बोलले. पण त्यांनीही सांगितलं, दुपारभर त्या खोलीत राहिली असती तर आणायची गरज पडली नसती.

ते चारला. त्याच्या आधी, तीनच्या सुमारास, मांडवातल्या पंगती उठल्यावर दारावर थाप पडली. आत्याचा आवाज. दार का लावलंय, मशीन झालं का, पाहुणे विचारून राहिले, आणि मागची खोली रिकामी कशी, बाळंतीण कुठं गेली?

मी उठणार होते. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, नऊ दिवसांचं. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. पदर सारखा केला, बाळाकडं एकदा बघितलं आणि दार उघडून बाहेर गेली.

दार अर्धं उघडं राहिलं. त्या फटीतून मला मांडव दिसत होता. बसलेले पाहुणे, विहीणबाई, बाबा, कूलरचं पाणी. आई आत्यासमोर जाऊन उभी राहिली. ती आत्यासमोर मान वर करून उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. तिचा आवाज चढला नाही, पण मांडवातलं बोलणं थांबलं.

"अनुबाई," ती म्हणाली, "माह्या पोराले वारा नव्हता लागला."

आत्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"ऊन लागलं होतं त्याले," आई म्हणाली. "तुमच्या खोलीचं."

मग ती तशीच उभी राहिली, उन्हात, डोक्यावर पदर नसताना, जोवर आत्याने नजर खाली घातली नाही तोवर. आई आत आली, तिने दार लावून घेतलं आणि कडी घातली.